सावळीरामाचं बारसं

दिनेशच्या पोराला जन्मून महिना उलटला, तरी त्याला नाव नव्हतं. नाशिक रोडच्या त्या कॉलनीत गेटापाशी व्यालेल्या कुत्रीच्या पिल्लांनासुद्धा डोळे उघडायच्या आत नावं मिळायची, कुणी मोत्या, कुणी टायगर. आणि हा इथं भरल्या घरात, झबलं-टोपडं घालून, पाळण्यात बिननावाचा पडलेला. बरं, घरात नावांचा दुष्काळ होता म्हणावं, तर तसंही नाही. सुकाळ होता. जो बाळाला बघायला येई तो पेढा उचली आणि बदल्यात एक नाव टाकून जाई. पेढे संपले, नावं संपली नाहीत.

सिंधुबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मेथी निवडत बसायची आणि हा सगळा बाजार ऐकायची. दिनेशची आई म्हणून तिचं मत विचारायची पद्धत त्या घरात अजून होती. मानायची पद्धत मात्र सुनेच्या गृहप्रवेशाच्या मापाबरोबरच लवंडली होती.

सून तृप्ती पलंगावर मांडीत नावांचं पुस्तक घेऊन बसलेली असे. दिनेशनं ते स्टेशनवरून आणलेलं. तृप्तीचं बाळंतपण खरं माहेरी, सिन्नरला व्हायचं. पण मोठा दवाखाना इकडे, म्हणून माहेरच उठून इकडे आलं होतं. म्हणजे तिची आई यशोदाबाई, त्यांची औषधाची पिशवी आणि त्यांची मतं.

"नाव कसं पाहिजे सांगू का आई?" तृप्ती म्हणाली. "जुनं पाहिजे, पण जुनाट नको. भारदस्त पाहिजे, पण जड नको. सगळ्यांना आवडलं पाहिजे, पण कुणी ठेवलेलं नको."

"म्हणजे सासूसारखं," सिंधुबाई मेथीची काडी मोडत म्हणाली. "असावी, पण दिसू नये."

यशोदाबाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांचा कल 'आयुष'कडे होता. ते साल अठ्ठ्याण्णव. त्या साली नाशिक रोडला दगड मारला तर तो आयुषलाच लागला असता. वरच्या मजल्यावर एक आयुष, समोरच्या बिल्डिंगीत दोन. संध्याकाळी एका गॅलरीतून "आयुष, दूध प्यायला ये" अशी हाक गेली की तीन पोरं जिना चढायची आणि दूध एकालाच मिळायचं. पोरींची तीच गत. शेजारच्यांनी लग्नानंतर मनालीची सहल केली, म्हणून पोरीचं नाव मनाली ठेवलं. ते ऐकून सिंधुबाई म्हणाली होती, "आम्ही लगीन झाल्यावर वणीच्या गडाला गेलो होतो. मग आमच्या थोरलीला, सरिताला, काय गड म्हणायचं होतं?"

गुरुजींनी पत्रिकेवरून अक्षर काढून दिलं, तर ते निघालं 'ठ'. 'ठ'वरून पुस्तकात जे होतं ते वाचून तृप्तीला रडू आलं, आणि पत्रिका कपाटात कपड्यांच्या तळाशी गेली. शास्त्र मानायचं, पण सोयीचं असेल तेवढंच.

आता हे खरं, की तृप्तीची भीती अगदीच खोटी नव्हती. शाळेत पोरांनी तिला "तृप्तीचा ढेकर" म्हणून दहावीपर्यंत पिडलं होतं. दिनेशचंही तेच. बापानं कौतुकानं दिनेश ठेवलं, पण कॉलनीत, शाळेत, कारखान्यात तो दिन्याच राहिला. परवा साहेब पाहुण्यासमोर म्हणाला, "हा आमचा दिन्या." तेव्हापासून नवरा-बायकोचं ठरलं होतं, पोराचं नाव असं ठेवायचं की कुणाच्या बापाला तोडता येणार नाही. नाव ठेवत होते की तिजोरीला कुलूप करत होते, देव जाणे.

सिंधुबाईच्या मनात मात्र पोर पोटात असल्यापासून एकच नाव होतं. पण अडचण अशी, की ते तिला उच्चारता येत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. जन्मभर छापखान्यात नोकरी केली, आणि संध्याकाळी हातपाय धुऊन मारुतीच्या देवळात टाळ धरले. कामावर त्याला आडनावानं हाक मारायचे, कॉलनीत आप्पा, पोरं आप्पाच म्हणायची. आणि सिंधुबाई "अहो" म्हणायची, दुसऱ्याशी बोलताना "आमचे हे". नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला आईनं सांगितलं होतं. तिच्या आईला तिच्या आईनं. मंगळागौरीला, डोहाळजेवणाला बायका अडवून धरायच्या तेव्हा उखाण्यात काय घेतलं असेल तेवढंच. विधवेला कोण उखाणा घ्यायला सांगतो? ते दारही बंद झालं.

ते नाव मोठ्यानं घेणारं माणूस जगात एकच होतं. सप्ताहातल्या कीर्तनाला सिन्नरकडून जीपनं येणारे सहादूबुवा. अभंगाचं चरण म्हणून झालं, की ते मान मागं वळवून म्हणायचे, "सावळीराम, धरा!" आणि टाळकऱ्यांच्या रांगेतून हिचा नवरा असा सूर उचलायचा, की बायकांत बसलेली सिंधुबाई पदर सावरायची आणि शेजारणीकडे बघायचीच नाही. तिला वाटे, सगळा मांडव आपल्याकडेच बघतोय.

आता त्या जागी दुसराच कुणी उभा राहायचा. घरात, दारात, देवळात, कुठं म्हणून ते नाव ऐकू येत नव्हतं. विजेच्या बिलावर तेवढं अजून यायचं. पण विजेचं बिल कुणी गाऊन दाखवत नाही.

तर एका दुपारी जेवणं झाल्यावर सिंधुबाईनं धीर केला. "मी काय म्हणते. ह्यांचं ठेवा."

"कुणाचं?" दिनेश म्हणाला.

"ह्यांचं रे. तुझ्या बापाचं."

यशोदाबाई सुपारी कातरत होत्या. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "काय बरं नाव होतं विहीणबाई तुमच्या मालकांचं? विसरलेच मी. सांगा की."

विसरल्या कशाच्या! लग्नपत्रिका त्यांच्याच देवघरात होती. सिंधुबाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शेवटी दिनेशच पुटपुटला, "सावळीराम."

"सावळीराम!" तृप्तीनं पुस्तक मिटलं. "अहो आई, शाळेत पाय ठेवायच्या आत सावळ्या होईल त्याचा!"

"आणि रंग आधीच बेताचा पोराचा," यशोदाबाईंनी सुपारी तोंडात टाकली. "वर नाव सावळीराम. म्हणजे दुकानावर पाटीच लावली की हो."

"विठोबा गोरा हाय का विहीणबाई?" सिंधुबाईचं तोंड आता सुटलं. "काळारामापुढं हात जोडता तेव्हा त्याला पावडर लावून या म्हणता का? राम सावळा, कृष्ण सावळा. गोरा तेवढा एक महादेव, तो अंगाला राख फासून बसलाय. गोरेपणाचं काय लोणचं घालायचंय?"

"देवाचं वेगळं असतं हो," यशोदाबाई म्हणाल्या. "देवाला कुठं लग्नाला उभं राहायचंय?"

"तुळशीचं लगीन दरसाल कुणाशी लावता मग?"

यावर यशोदाबाईंना एकदम ठसका लागला. दिनेशनं पेपर तोंडासमोर धरला. आई आणि बायको यांच्यामध्ये धरायला पेपराएवढी मोठी ढाल या भागात दुसरी मिळत नाही. पेपराच्या मागूनच निकाल आला, की आयुष बरं वाटतं, सप्ताह उरकला की त्या रविवारी बारसं करू, सरिताला सटाण्याला निरोप धाडू.

सिंधुबाई उठून मोरीत भांडी घासायला गेली. त्या दिवशी पितळी तांब्याला इतकी चिंच लागली, की तो वर्षभर पुन्हा काळा पडला नाही.

चैत्रात हनुमान जयंतीचा सप्ताह बसला. सहादूबुवा आले, तशी सिंधुबाई भर उन्हात देवळामागच्या खोलीवर गेली. बुवा सतरंजीवर बसून बशीतून चहा पीत होते. 

"बुवा, एक काम हाय. उद्या कीर्तनात नावावर बोला."

"चाळीस वर्षं दुसरं काय करतोय सिंधुताई?"

"देवाच्या नव्हे हो. पोराच्या." आणि तिनं सगळी कहाणी सांगितली, आयुष, ठ, लोणचं, सगळं. "मला काय वाटतं, ह्यांचं ठेवावं."

"सावळीरामचं?"

बुवांनी ते सहज म्हटलं, चहाचा घोट घेता घेता. पण सिंधुबाईचा हात आपोआप पदराकडे गेला. जणू दारात चपला वाजल्या.

"हां," ती म्हणाली. "तेच."

बुवांनी बशी खाली ठेवली. माणूस गावोगावचं पाणी प्यालेला. "ठेवा की. सोन्यासारखं नाव. पण ताई, तुम्ही त्याला हाक कशी मारणार?"

"ते पुढचं पुढं बघू. तुम्ही आधी ठेवायचं बघा."

"पुढचं पुढं म्हणता, पण पुढचं लगेच पुढं येतं हां," बुवा हसले. सिंधुबाईला ते हसणं आवडलं नाही. देवाचा माणूस म्हणून ती पाया पडून निघाली.

दुसऱ्या रात्री तिनं सगळं घर कीर्तनाला ओढून नेलं. यशोदाबाईंना सिन्नरच्या कीर्तनापुढं इथलं फिकंच वाटणार होतं, तरी आल्या. मांडव भरला होता. पखवाज घुमायला लागला, टाळकऱ्यांच्या दोन रांगा मागं झुलायला लागल्या. अशा वेळी माणसाला वाटतं की आपल्या हाडांतसुद्धा कुणीतरी टाळ बांधलेत. ज्यांना तसं वाटत नाही ते पुढच्या बाईची साडी बघतात. असतात तशीही माणसं. देव त्यांनाही प्रसाद देतो.

बुवांनी निरूपण करता करता विषय वळवला.

"आपले म्हातारे मोठे लबाड बरं का माउली! त्यांना ठाऊक होतं, पोरांना जपाला बसा म्हटलं तर बसायची नाहीत. मोठी माणसंही बसायची नाहीत. मग त्यांनी काय केलं? पोरांचीच नावं देवाची ठेवली. आता टाळ, कसा टाळतोस नाम! हरी, शेळी बांध. रामा, बादली भर. गोविंदा, मेल्या, कुठं उलथलास? शिवी दिली तरी नाम घडलं. रागानं घेतलं तरी पुण्य लागलं. आणि आता आपल्या घरात काय हाका असतात? बंटी! पिंकी! डॉली! अहो, शेवटच्या घटकेला प्राण कंठाशी आला, तोंडातून शब्द निघाला 'बंटी', तर न्यायला कोण येईल? बंटीच येईल, आणि तोही विचारील, बाबा, किल्ल्या कुठं ठेवल्यात?"

मांडव हसून लोळला. कॉलनीतल्या खऱ्या बंटीची आई सगळ्यांत मोठ्यानं हसली. तिला वाटलं, बुवा दुसऱ्याच कुठल्यातरी बंटीबद्दल बोलतायत.

"याच देवळात," बुवा मागं वळून म्हणाले, "माझ्या पाठीशी एक सावळीराम उभा राहायचा. त्याला नुसतं 'सावळीराम, धरा' म्हटलं, की माझं नाम व्हायचं आणि त्याचा सूर लागायचा. एका हाकेत दोन कामं."

सिंधुबाईनं डोळे पुसले. तिरक्या नजरेनं सुनेकडे बघितलं. तृप्ती बाळाच्या टोपड्याची नाडी नीट करत होती.

"छान बोलतात हो बुवा," कीर्तन संपल्यावर ती एवढंच म्हणाली. झालं. चाळीस वर्षांची साधना, आणि पावती मिळाली "छान बोलतात."

पण देव कुणाच्या तोंडून बोलेल सांगता येत नाही. प्रसादाच्या रांगेत पुढं दातांच्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्या देवळात वर्षातून एकदाच यायच्या, गुलाबजाम असतो त्या दिवशी. मागं वळून म्हणाल्या, "सावळीराम! काय क्लासिक नाव आहे ना? पुण्याला आमच्या नणंदेकडे मोठमोठ्या घरांत आता परत जुनीच नावं ठेवतायत. आमच्या मुलीच्या शाळेत तर इतके आयुष झालेत, की बाई त्यांना नंबर देतात. आयुष एक, आयुष दोन. सावळीराम मात्र एकही नाही."

तृप्तीच्या चेहऱ्यावर उजेड पडला. तिथं, त्या प्रसादाच्या रांगेत, हातात द्रोण धरून, तिला साक्षात्कार झाला.

"एकही नाही?" तिनं विचारलं.

"शाळेतच काय, सगळ्या नाशकात नसेल हो या वयाचा."

पखवाज, टाळ, बुवांचा घसा आणि सिंधुबाईची खटपट यांनी जे झालं नाही, ते डॉक्टरीणबाईंच्या एका 'क्लासिक'नं झालं. जुनं नाव कसं? म्हातारीनं सुचवलं तर जुनाट, दातांच्या डॉक्टरीणबाईनं सुचवलं तर भारदस्त.

घरी आल्यावर तृप्ती म्हणाली, "आई, मी विचार केला. आपण सावळीरामच ठेवू या."

सिंधुबाईच्या हातातून कुलपाची किल्ली पडली.

"पण माझी अट आहे," सून म्हणाली. "या घरात कुणी त्याचं नाव तोडायचं नाही. सावळ्या नाही, सावळू नाही, सोन्या-बाळ्या-पिंट्या काही नाही. पूर्ण हाक, सावळीराम. घरात तुटलं की दारात तुटतं. बारशाला ज्या क्षणी कुणी तोडेल, त्या क्षणी आयुष. आणि पहिली हाक तुम्ही मारायची, सगळ्यांसमोर. नाव तुम्ही मागितलंय."

"मारीन की!" सिंधुबाई म्हणाली. "शंभर वेळा मारीन."

आनंदानं माणूस किती आंधळं होतं बघा. जिनं उभ्या जन्मात ते पाच अक्षरांचं नाव एकदा साधं तोंडातून काढलं नाही, ती शंभर वेळांचा वायदा करून, देवापुढं साखर ठेवून, घोरत झोपली.

रविवारी बारसं. सटाण्याहून सरिता आली, दिनेशची मोठी बहीण, बाळाची आत्या. सासर कांद्याच्या व्यापाऱ्याचं, आवाज लिलावातला. आल्या आल्या म्हणाली, "कुठं शे आमचा राजा?" आणि जीभ चावून हसली, सटाण्यात राहून तिकडची बोलीसुद्धा अंगाला लागली होती. घुगऱ्या उकडल्या, पाळण्याला फुलांच्या माळा बांधल्या. बायकांनी पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून बाळाला खालून-वरून फिरवलं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. मग सरितानं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, आणि पाठीमागून बायकांनी तिला असे काही बुक्के घातले, की ते आत्याला होते की सटाण्याच्या कांद्याच्या भावाला होते कळेना.

"नाव काय ठेवलं?" सगळ्या ओरडल्या.

"सावळीराम!" लिलावातला आवाज रस्त्यापर्यंत गेला.

सिंधुबाईला वाटलं, कुणीतरी छातीवरचा वरवंटा उचलला.

"चला आई," तृप्ती म्हणाली. "पहिली हाक तुमची."

"पाळण्याशी सवाष्णीला पुढं करतात," यशोदाबाई कुजबुजल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच.

"आई, तू गप्प बस," तृप्ती म्हणाली. "त्यांनीच मारायची." तेवढ्यापुरती सिंधुबाईला सून पोटच्या पोरीसारखी वाटली. मग ती पाळण्याशी गेली, दोरी धरली, वाकली.

आणि तिथंच घोटाळा झाला.

नाव आलं, घशापर्यंत आलं, आणि तिथं येऊन बसलं. जिभेला आख्ख्या जन्माचं वळण, ती हलेना. सिंधुबाईनं पाळण्याला एक झोका दिला. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. घुगऱ्या चावणाऱ्या पोरींनी चावायचं थांबवलं. बुवांचं हसणं तिला आता आठवलं. पुढचं पुढं आलं होतं, आणि तेही दोन पावलांवर.

"काय झालं विहीणबाई?" यशोदाबाईंचा आवाज तुपात घोळलेला. "स्वतःच मागितलंत, आणि आता तोंडाला कुलूप?"

"आयुषला काही अडचण नव्हती," कुणीतरी मागून म्हणालं.

"आई," सरिता कानाशी लागली, "उखाण्यात घे. उखाण्यात चालतं."

हे बरं होतं. सिंधुबाईनं डोळे मिटले, आणि डोहाळजेवणाच्या वेळची ओळ शोधून काढली.

"पाळण्याच्या दोरीला रेशमाची गाठ..."

बायका पुढं सरकल्या. आता पुढची ओळ, आणि ओळीच्या तोंडाशीच ते नाव. सिंधुबाईनं डोळे उघडले. पाळण्यात बाळ तिच्याकडे टक लावून बघत होतं; कपाळ तेच, रंग तोच, आणि भुवई वर करून बघायची तऱ्हा तीच, हिनं आमटीत मीठ जास्त टाकलं की तो बघायचा तशी. कुठली ओळ आणि कुठलं काय. बाळाचा ओठ मुडपला, त्यानं तोंड उघडलं आणि भोकाड पसरलं.

"अहो!" सिंधुबाईच्या तोंडून निघून गेलं. "अहो, असं काय करता? उगी, उगी. रडू नका ना."

"काय गं, आलो!" म्हणत दिनेश बाहेरून आत धावला. त्या घरात 'अहो' तोच होता. बायकोनंच हाक मारली असं त्याला वाटलं.

मग बायका जे हसायला लागल्या ते भिंतीला धरून. सिंधुबाईनं पदर तोंडावर घेतला. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं तिला वाटत होतं.

तृप्ती हसली नाही. "अट काय होती?" ती म्हणाली. "ठरलं होतं ना आपलं?"

"झालं मग आयुष," यशोदाबाई म्हणाल्या. घुगऱ्यांचं पातेलं त्यांनी पुढं ओढलं, जणू तेच जिंकून आणलं.

"कसं काय आयुष?" सरितानं कमरेवर हात ठेवले. "अट होती नाव तोडायचं नाही. आईनं तोडलं कुठं? घेतलंच नाही! न घेतलेलं नाव तुटतं का? आणि कानात गेलेलं नाव परत काढता येत नाही वहिनी. मी काय बुक्के फुकट खाल्लेत? काढायचं असेल तर आधी बुक्के परत घ्या, मग बोला."

"पण त्या हाक काय मारणार त्याला? अहो?" तृप्तीनं विचारलं.

"मग? सगळ्या शाळेत एक तरी 'अहो' आहे का?" सरिता म्हणाली. "तुला दुसरं नसलेलंच पाहिजे होतं ना?"

तृप्तीनं पाळण्याकडे बघितलं. बाळ गप्प झालं होतं आणि सिंधुबाईचं बोट धरून बसलं होतं. सिंधुबाईनं पदराआडून सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत मागणं होतं, आणि मागायची सवय नसलेल्या माणसाचं मागणं फार वाईट दिसतं.

"बरं," तृप्ती म्हणाली. "पण सावळ्या नाही म्हणजे नाही." आणि मग तिलाही हसू फुटलं.

नावाला कुलूप लावणाऱ्यांची पुढं काय गत झाली ती सांगायलाच हवी. आठवड्यात बिल्डिंग पोराला अहो म्हणायला लागली. दूधवाला म्हणाला, "अहोंसाठी म्हशीचं देऊ का?" घरात तर निराळाच गोंधळ झाला. तृप्तीनं नवऱ्याला "अहो" म्हटलं की पाळण्यातून हुंकार यायचा, आणि सिंधुबाई "अहो, दूध प्या" म्हणाली की दिनेश पेपराआडून "नको" म्हणायचा. शेवटी तृप्तीला नवऱ्याला नावानं हाक मारावी लागली. पहिल्यांदा "दिनेश" म्हणाली तेव्हा तो लाजला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याचं नाव न तोडता घेतलं होतं.

आणि पोर चालायला लागलं, तेव्हा तर विचारूच नका. कुठल्याही जिन्यात कुठल्याही बाईनं नवऱ्याला "अहो, ऐकलं का" म्हटलं की हा तुरुतुरु त्या घरात हजर. जगात कुणाचं नसलेलं नाव पाहिजे होतं, आणि हाकेला उरलं ते असं, की ज्याला महाराष्ट्रात घरटी एक माणूस ओ देतो. आयुषसुद्धा परवडले असते.

पोर पाच वर्षांचं झालं त्या चैत्रात सप्ताहाला सहादूबुवा आले. आता जरा वाकले होते. आजोबांचे टाळ पोराच्या हातात मोठे व्हायचे, पण हौस दांडगी. तो टाळकऱ्यांच्या रांगेच्या टोकाला उभा राहिला. मांडवात कुठल्याशा आईनं "आयुष, इकडं ये, शू लागली ना?" म्हटलं, आणि पोरांच्या घोळक्यातून सगळ्या माना एकदम वळल्या.

बुवांनी चरण म्हटलं. सवयीनं मान मागं वळवली, आणि रांगेच्या टोकाला त्यांची नजर थांबली.

"सावळीराम," बुवा म्हणाले, "धरा!"

पोरानं धरलं. सूर लागला नाही, टाळ एकमेकांना चुकले, तरी आवाज असा खणखणीत, की पखवाजवाल्याला हसू आलं. सिंधुबाईचा हात पदराकडे गेला. ह्या खेपेला मात्र ती मान खाली घालून बसली नाही.

शेजारी नव्यानं राहायला आलेली एक बाई बसली होती. तिनं वाकून विचारलं, "कोण हो मावशी हा, कुणाचा?"

"हा?" सिंधुबाई म्हणाली. "आमचे हे."